चौथ्या पानावरची शपथ

मी बोलतोय. एका प्रबंधाच्या चौथ्या पानावरून, वरून सहाव्या ओळीतून. माझं नाव 'टू द बेस्ट ऑफ अवर नॉलेज'. इंग्रजी आहे म्हणून बिचकू नका; मराठीत सांगायचं तर 'आमच्या माहितीप्रमाणे'. मी एक साधा शब्दप्रयोग आहे आणि माझा अर्थ कुणालाही कळेल असा आहे. आम्ही कसून शोधलं, चार ठिकाणी विचारलं, आणि एवढं करून जे हाती लागलं त्यावरून सांगतो. आमचं चुकत असेल तर दाखवा. बस, एवढंच मी म्हणतो.

एवढ्या साध्या अर्थाची माणसांनी जी माती केली आहे ती पाहून माझं डोकं फिरलंय. इतर मंडळी आपली कहाणी सांगतात ती ऐकणाऱ्याला दया यावी म्हणून. मला कुणाची दया नको. मी भांडायला आलोय.

माझा जन्म कुठल्या साली झाला, कुणाच्या लेखणीतून झाला, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेलं ठोकून देणं माझ्या स्वभावात नाही. एवढं मात्र आठवतं की मी भीतीतून जन्मलो. एक माणूस टेबलाशी बसला होता, त्याला काहीतरी ठामपणे लिहायचं होतं, आणि त्याचा हात अडखळला. 'मला दिसलं नाही, पण म्हणून ते कुठे नसेलच असं मी कसं म्हणू?' त्या अडखळण्यातून मी आलो. खोटं बोलायची भीती वाटणाऱ्या माणसाच्या पोटी जन्मलो, आणि आयुष्य गेलं ते भीड चेपलेल्यांच्या हाताखाली.

म्हणजे मी एक शपथच आहे. कोर्टातल्या शपथेला निदान समोर वकील असतो. मला माणूस एकटा बसून, कुणी बघत नसताना घेतो. मला लिहिण्याआधी त्याने शोधलेलं असलं पाहिजे. कुठे शोधलं ते सांगितलं पाहिजे. आणि शोधता शोधता आधीचं कुणी सापडलं, तर त्याचं नाव घेऊन 'पहिला' हा शब्द मुकाट्याने खाली ठेवला पाहिजे. यात न समजण्यासारखं काय आहे? पण समजून घ्यायचंय कुणाला!

माझा सध्याचा मुक्काम एका विद्यापीठात आहे. आरोग्यशास्त्राचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. लांबट व्हरांडा, टोकाला एक प्रिंटर, जो प्रत्येक कागद दोनदा चावल्याशिवाय बाहेर टाकत नाही. या विभागात एक फाइल आहे, तिला सगळे 'साचा' म्हणतात. कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं ते पहिलं प्रकरण. तो पास झाला, म्हणून ते पुढच्याने घेतलं. पुढचाही पास झाला, म्हणून त्याच्या पुढच्याने. नव्याने यायचं, विषयाचं नाव बदलायचं, आकडे बदलायचे, की प्रकरण तयार. मी त्यात आयता बसलेलो असतो: आमच्या माहितीप्रमाणे हा अशा प्रकारचा पहिलाच अभ्यास आहे. विद्यार्थ्याचा विषय ठरलेला नसतो, मार्गदर्शक ठरलेला नसतो, पण तो पहिला आहे हे ठरलेलं असतं. लग्न जमायच्या आधी नातवाचं नाव ठेवावं, तसला प्रकार.

एका पठ्ठ्याने तर विषयाचं नाव बदलायचेही कष्ट घेतले नाहीत. त्याचा प्रबंध सिमेंटच्या धुळीवर, आणि चौथ्या पानावर मी शपथेवर सांगतोय की बसचालकांच्या मधुमेहावरचा हा पहिलाच अभ्यास. मार्गदर्शकांनी सही केली. दोन परीक्षकांनी सह्या केल्या. तो पठ्ठ्या आता स्वतः मार्गदर्शक आहे.

ग्रंथालयातल्या एकाच फळीवर, एकाच विषयाचे तीन प्रबंध खांद्याला खांदा लावून उभे आहेत, आणि तिघेही पहिले! बालवाडीतल्या पोरांनाही कळतं की रांगेत पहिला एकच असतो.

आणि यांचा शोध कसा असतो तेही ऐका. संगणकावर दोन शब्द टाइप करायचे, चहा येईपर्यंत थांबायचं आणि 'काही नाही बुवा' म्हणून मोकळं व्हायचं. इथल्या संगणकातली यादी सुरू होते ती संगणक आला त्या वर्षापासून. त्याआधीचे प्रबंध तळघरात आहेत. त्यांची यादी एका लाकडी कपाटाच्या खणांत, पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहिलेली आहे, आणि त्या कपाटावर सध्या कुंड्या ठेवतात. म्हणजे इथे 'पहिला' याचा खरा अर्थ काय, तर दोन जिने उतरायचा कंटाळा.

सगळेच असे होते असं म्हटलं तर मीही त्यांच्यातलाच ठरेन. तीस वर्षांपूर्वी मला एक बाई भेटल्या होत्या. कापडगिरणीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो. दवाखान्यात कुणी खोकला घेऊन यायचं, कुणी बोट कापून घेऊन यायचं. पट्टी बांधताना सिस्टर काहीबाही विचारायच्या आणि माणूस म्हणायचा, 'आँ?' सिस्टरांनी हिशेब लावला, तर ज्याची मागावर जितकी जास्त वर्षं, तितका त्याचा 'आँ' मोठा.

नोकरी सांभाळून त्यांनी याच विषयावर प्रबंधासाठी नाव नोंदवलं. कान तपासायचं यंत्र मोठ्या रुग्णालयातून फक्त सुट्टीच्या दिवसापुरतं मागून आणायच्या. यंत्र मिळालं नाही तर नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. तो गुडघ्यावर आपटायचा, माणसाच्या कानाशी धरायचा, आवाज येईनासा झाला की त्याने हात वर करायचा. असे दोनशे बारा विणकर त्यांनी तपासले.

मग मला लिहायची वेळ आली आणि सिस्टर थांबल्या. थोड्याथोडक्या नाही, अकरा महिने थांबल्या. सात ग्रंथालयं पालथी घातली. एकोणीस गिरण्यांच्या डॉक्टरांना पत्रं लिहिली, प्रत्येक पत्रात उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट. सहा उत्तरं आली, सहाही नकाराची. तेव्हा कुठे त्यांनी मला टाइप केलं. माझ्या आधी अख्खं पान होतं: कुठे शोधलं, कुणाला विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही. त्या पानाच्या शेवटी मी उभा राहिलो तेव्हा माझ्या पायाखाली जमीन होती.

आणि मग सातवं उत्तर आलं. एका निवृत्त, म्हाताऱ्या डॉक्टरांचं. अक्षर थरथरतं होतं. त्यांनी लिहिलं होतं की फार पूर्वी आपण चाळीस विणकरांचे कान तपासले होते, नोंदी एका वहीत आहेत, छापलं काहीच नाही, पण हवी असेल तर वही पाठवतो. सिस्टरांनी वही मागवली आणि वाचली.

त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, 'अहो, न छापलेली वही कोण धरतं? सोडून द्या.'

सिस्टर म्हणाल्या, 'सर, वही मी वाचली आहे. आता न वाचल्याचं सोंग कसं करू?'

पान पुन्हा टाइप झालं. ओळी वाढल्या म्हणून पुढची अकरा पानंही पुन्हा टाइप झाली. 'पहिला' हा शब्द गेला. त्याच्या जागी डॉक्टरांचे चाळीस विणकर आले आणि त्यांच्यामागून मी: या चाळिसांखेरीज, आमच्या माहितीप्रमाणे, असं काम झालेलं नाही. मी अख्ख्या आयुष्यात इतक्या सुखाने कुठल्याच पानावर राहिलो नाही.

सिस्टरांना पदवी मिळाली. त्यांचे मार्गदर्शक निवृत्त झाले आणि पेपर छापायचा राहिला तो राहिलाच. प्रबंध तळघरात गेला. सिस्टर दवाखान्यात परत गेल्या आणि पट्ट्या बांधू लागल्या.

आता त्या मुलीकडे येतो, जिच्यामुळे मी आज घसा फोडतोय. विभागात तिला सगळे टॉपर म्हणतात. शाळेत पहिला नंबर आला तेव्हापासून तिने तो कधी सोडलेला नाही. पोरगी कष्टाळू आहे; रागात असलो तरी हे मला कबूल केलं पाहिजे. तिचा विषय तोच, विणकरांचे कान. तो तिने घेतला वडिलांमुळे. वडील तेहतीस वर्षं मागावर होते. आता घरीच असतात, आणि घरात बोलतात ते गिरणीत बोलल्यासारखे. 'जरा मीठ दे' म्हणाले तरी शेजारचे दार उघडून बघतात. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. वडील अजूनही तसंच वाचतात. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहायचं आणि ओठ नीट हलवायचे, आवाज काढला नाही तरी चालतं.

टॉपरने तीनशे आठ विणकर तपासले, नव्या यंत्रावर, एकेकाला दोनदा. काम चोख होतं. पहिलं प्रकरण मात्र तिने साच्यातून उचललं, आणि मी चौथ्या पानावर येऊन बसलो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत.

प्रबंध बांधणीला जायला दोन दिवस उरले होते. दुपारी घरी सगळे जेवायला बसले होते आणि तपासायला काढलेली पानं तिच्या ताटाशेजारीच होती. म्हणून पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

'काय गं,' वडिलांनी घर दणाणून सोडलं, 'तुझं ते यंत्र म्हणजे सिस्टरांच्या यंत्रासारखंच का?'

'कुठल्या सिस्टर?'

त्यांना कळलं नाही. ती त्यांच्याकडे वळली आणि ओठ हलवून पुन्हा म्हणाली.

'अगं, आमच्या दवाखान्यातल्या! तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सगळ्या खात्याचे कान तपासले होते त्यांनी. सुट्टीच्या दिवशी बोलवायच्या. तो काटा असा कानाशी धरायच्या. मी तर दोनदा गेलो होतो. मोठं पुस्तक लिहिलं म्हणे त्याच्यावर. मला वाटलं, तुला माहीत असेल.'

'यांना तेव्हाच म्हणाल्या होत्या,' आई म्हणाली, 'कामावर कानात कापूस घालत जा. ऐकतंय कोण!'

टॉपरचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रंथालयात गेली आणि कार्डांचं कपाट विचारलं. तिथल्या मावशी, म्हणजे ग्रंथालयात काम करणाऱ्या बाई, सगळी मुलं त्यांना मावशीच म्हणतात, त्या चष्म्यावरून बघतच राहिल्या. 'बाई गं, ते कपाट शेवटचं कुणी मागितलं होतं ते मला आठवतही नाही.' दोघींनी मिळून कुंड्या खाली उतरवल्या. अर्ध्या तासात कार्ड सापडलं, आणखी अर्ध्या तासात तळघरातून पुस्तक वर आलं. मावशींनी मागच्या पानावर तारखेचा शिक्का मारून ते टॉपरच्या हातात दिलं.

अर्धा तास आणि अर्धा तास. प्रबंधाच्या साडेतीन वर्षांत हिला हा एक तास मिळाला नव्हता.

खिडकीशी बसून तिने सगळं वाचलं. सात ग्रंथालयं वाचली, एकोणीस पत्रं वाचली, चाळीस विणकरांची ती ओळ दोनदा वाचली. तिच्या डाव्या हाताखाली मी टाइप केलेला होतो आणि उजव्या हाताखाली प्रिंटरमधून निघालेला. मला वाटलं, चला, सुटलो. आता ही पेन काढेल.

ती पुस्तक घेऊन सरांकडे गेली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, विभागाचे प्रमुख.

'सर, हे काम आधी झालंय. तीस वर्षांपूर्वी.'

सरांनी पुस्तक चाळलं. 'कुठे छापून आलंय?'

'नाही सर. फक्त प्रबंध आहे.'

'मग जगाच्या दृष्टीने नाहीच ते. उद्या बांधणीला द्यायचंय ना?'

'हो, पण ते पहिला म्हणालोय आपण...'

'हे बघ, ते पहिलं काढलंस तर पेपर कुठलं जर्नल घेणार? आणि पेपर नसेल तर नोकरीच्या मुलाखतीत काय दाखवणार? तुझ्यामागून आणखी चौघं रांगेत आहेत.'

'पण सर, मला आता माहीत आहे.'

'लिहिलंस तेव्हा नव्हतं ना? वाक्य काय म्हणतंय? आमच्या माहितीप्रमाणे. मग खोटं कुठाय त्यात? अगं, त्याच्यासाठीच तर असतं ते वाक्य!'

त्याच्यासाठीच तर असतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलायला घाबरलेल्या माणसाने मला जन्म दिला आणि या गृहस्थांनी मला खोट्यावरचं पांघरूण करून टाकलं. अहो, माहिती काय ती ओळ टाइप केली त्या मिनिटाला गोठते का? पुस्तक समोर उघडं आहे, पोरगी सांगते आहे की मला कळलंय, आणि तुम्ही तिला कानांवर हात ठेवायला शिकवता? तेही कानांवरच्याच प्रबंधात?

ती पुस्तक उचलून बाहेर आली. तिला बदलायच्या होत्या फक्त दोन ओळी. सिस्टरांनी बारा पानं पुन्हा टाइप केली होती. हिला एक बटण दाबायचं होतं. तिने सिस्टरांचं पुस्तक मावशींना परत केलं आणि आपली पानं बांधणीला दिली. चार दिवसांनी निळ्या पुठ्ठ्यात, वर सोनेरी अक्षरं मिरवत, मी पक्का खोटा होऊन बाहेर पडलो.

घरी तिने तो विषय पुन्हा काढला नाही. त्यामुळे वडिलांनी आपल्या बुद्धीने एक गोष्ट केली. इथे प्रबंधाची मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन मागे बसू शकतं. वडिलांनी जुन्या सोबत्यांकडून पत्ता काढला आणि सिस्टरांना घेऊन आले. पोरीला सांगितलं नाही. तिला किती आनंद होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मी भिंतीवर होतो, पडद्यावर, हातभर उंचीच्या अक्षरांत. तिथून मला सगळं सभागृह दिसत होतं. तिसऱ्या रांगेत वडील, नवा सदरा घातलेले. शेजारी सिस्टर, सत्तरीच्या, पांढरे केस, चष्म्याला दोरी. त्या पुढे वाकून एकेक आकडा वाचत होत्या.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक कोरड्या आवाजात म्हणाले, 'हा पहिला अभ्यास आहे असं तुम्ही लिहिलंय. नीट शोध घेतलात?'

टॉपरने सरांकडे पाहिलं. सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. तिने मान फिरवली, आणि तिसऱ्या रांगेतून वडील तिला शेजारी बोट दाखवून, आवाज न करता, ओठ हलवून सांगत होते: सिस्टर! लहानपणापासून ती ते ओठ वाचत आली होती. तिला कळलं.

आता तरी बोल, मी भिंतीवरून म्हणत होतो. समोर बसल्या आहेत त्या. आता तरी.

ती परीक्षकांकडे वळली. 'टू द बेस्ट ऑफ अवर नॉलेज, सर,' ती म्हणाली.

'काय म्हणाली?' वडिलांनी सिस्टरांना हळूच विचारलं. त्यांचं हळूच म्हणजे सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं आणि लोक हसले. सिस्टर क्षणभर पडद्याकडे, माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्याकडे वळल्या आणि दवाखान्यात बोलायच्या तशा, नुसते ओठ हलवून म्हणाल्या, 'म्हणाली, ती पहिली.'

'पहिलीच असते ती!' वडील ओरडले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून सभागृहाने वाजवल्या. मला आयुष्यात कधी एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या, आणि कधी एवढी शरमही वाटली नव्हती.

चहाच्या वेळी सिस्टर तिच्यापाशी आल्या. प्रबंध तिच्या हातात होता, म्हणून मीही होतो.

'आकडे चांगले आहेत तुझे,' त्या म्हणाल्या. 'मला यंत्र सुट्टीच्या दिवशीच मिळायचं.'

'सिस्टर, मला ना... बांधणीला गेल्यावर कळलं तुमचं.'

झालं. आता खोट्याला खोट्याचा टेकू!

'असं होय,' सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कपातला चहा तसाच ठेवला. 'माझ्या दोनशे बारांशेजारी तुझे तीनशे आठ मांडले असते, तर तीस वर्षांत काही बदललं का ते दिसलं असतं. निदान कानात कापूस तरी घालायला लागले का, ते. राहिलं ते. असू दे, बाळ. अभिनंदन.'

आणि त्या निघून गेल्या. माझं रक्त उसळतंय ते यासाठी. तुम्हाला वाटत असेल, एका म्हातारीचं नाव राहिलं, त्यात एवढं काय? नाव गेलं खड्ड्यात, त्यांनी स्वतःही ते मागितलं नाही. दोनशे बारा माणसांनी आपल्या सुट्टीचे दिवस देऊन कान पुढे केले होते. त्यांचं काय झालं, त्यांच्यानंतरच्यांचं काय झालं, हे सांगू शकणारी जगातली एकच ओळ होती, आणि तिच्या जागेवर मी बसलो होतो.

अजूनही वाट होती. मौखिक परीक्षेनंतर तीस दिवसांच्या आत प्रबंधाला शुद्धिपत्र चिकटवता येतं. एक चिठ्ठी आणि तिच्यावर लिहिणाऱ्याची सही. सरांची सहीसुद्धा लागत नाही. मी फळीवर उभा राहून दिवस मोजत होतो. अठराव्या दिवशी ती आली. मला बाहेर काढलं, चौथं पान उघडलं आणि रडली. अगं, रडून वाक्य बदलत नाही! पेन काढ! मला खोड, मला फाड, माझ्यावर कागद चिकटव, मी तुझे उपकार मानीन! पण छापलेल्या अक्षरांचा आरडाओरडा कुणाला ऐकू जातो? तिने डोळे पुसले, कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि मला परत ठेवून दिलं. तिसावा दिवस गेला. जर्नलने पेपर घेतला. त्यातही मी आहेच.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील ग्रंथालयात आले.

'माझ्या मुलीचं पुस्तक बघायचंय!' वाचत बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. 'पहिल्या पानाची झेरॉक्स पाहिजे. भिंतीवर लावायचीय!'

मावशी त्यांना फळीपाशी घेऊन आल्या. सिस्टरांचं पुस्तक त्यांनी पुन्हा तळघरात नेलं नव्हतं. दोन्हींचा विषय एक, म्हणून क्रमांकाने दोन्ही शेजारी लावली होती. त्यात त्यांचा दुसरा काही हेतू नव्हता, पुस्तकं अशीच लावतात. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं. वडिलांनी सोनेरी अक्षरांवरून हात फिरवला.

'ह्यात मी आहे का?'

त्यांना कमी ऐकू येतं हे ओळखून मावशी समोर आल्या, ओठ नीट हलवत म्हणाल्या, 'ह्यात आत्ता कामावर असलेली माणसं आहेत, काका. तुम्ही निवृत्त झालात ना?'

'हो की.' ते जरा हिरमुसले. मग फळीकडे बोट दाखवून म्हणाले, 'आणि ते शेजारचं?'

'ते जुनं आहे. एका नर्सबाईंचं.'

'सिस्टरांचं? काढा, काढा!'

मावशींनी ते काढलं आणि मागचा तक्ता उघडला. त्यात नावं नव्हती, गिरणीतले बिल्ला नंबर होते.

'तुमचा नंबर?'

'तीनशे एकेचाळीस!' एका दमात आलं.

मावशींचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. तीनशे एकेचाळीस. वय एकतीस, मागावर नऊ वर्षं, डावा कान उजव्यापेक्षा अधू. त्यांनी एकेक गोष्ट ओठांनी सांगितली. वडिलांनी आपलं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

'तेव्हा एवढंच गेलं होतं,' ते म्हणाले. 'तेव्हा बरंच ऐकू यायचं की मला.' मग त्यांनी मला पुढे ओढलं. 'आणि पोरीने काय लिहिलंय ह्याच्याबद्दल? कुठल्या पानावर?'

मावशी घुटमळल्या. मुलीने ते पुस्तक नेलं त्या दिवशीचा शिक्का त्यांनीच मारला होता. पण विचारणारा माणूस समोर उभा होता. त्यांनी चौथं पान उघडलं, मला वाचलं आणि वर पाहिलं.

'लिहिलंय, असं काम आधी कुणी केल्याचं तिच्या माहितीत नाही.'

ते हसले. 'नाही, नाही. नीट बघा. मीच सांगितलं होतं तिला. घरी, जेवताना.'

मावशींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, जणू एवढ्यात मी बदललो असेन. मग त्यांनी मान हलवली.

दोन्ही पुस्तकं उघडी होती. 'मीच तर सांगितलं होतं,' ते म्हणाले, आणि या वेळी इतक्या हळू की पलीकडच्या टेबलावर कुणी मान वर केली नाही.

झेरॉक्स त्यांनी घेतली. सिस्टरांच्या पुस्तकातली, तीनशे एकेचाळीस असलेल्या पानाची. चार घड्या घालून खिशात ठेवली, मावशींना 'येतो' म्हणाले आणि गेले. मी टेबलावर उघडाच राहिलो, संध्याकाळी मावशींनी फळीवर ठेवेपर्यंत.

पुढे घरी काय झालं, ते तुम्हाला ऐकायचं असेल. त्यांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला का, ती काय म्हणाली, भिंतीवर काय लागलं. माझ्याही मनात दुसरं काही येत नाही. पण मी तिथे नव्हतो. मी कुणाला विचारलेलं नाही, कुठे शोधलेलं नाही. म्हणून त्याबद्दल मी एक अक्षरही बोलणार नाही.

मला वापरायचंच असेल, तर असं वापरा.